ऋण फेडणारा पैलवान : खाशाबा जाधव

कुस्तीत दुसऱ्याला लोळविणारा नव्हे, तर क्रोधाच्या क्षणी स्वतःला आवरणारा खरा बलवान, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. बळाचे मोल चारित्र्यावरून ठरते. महाराष्ट्रातील एका पैलवानाचे जीवन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळील गोळेश्वर येथे झाला. वडीलही पैलवान, कुस्तीचे पहिले धडे त्यांच्याकडूनच मिळाले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी निवड झाली. आयुष्यभर तांबड्या मातीत लढलेला हा मल्ल तेथे गादीवर उतरला आणि सहावा आला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायचे तर खर्चाला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. या विश्वासाचे चीज झाले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने जिंकलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

मिरवणूक सरली, पण गुरूंचे घर अजून गहाणच होते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः लढले आणि जमलेल्या पैशांतून ते ऋण फेडले. इस्लामने कर्जफेडीला किती महत्त्व दिले आहे, हे आपण जाणतो. एका कर्जदार मृताच्या जनाज्याची नमाज प्रेषितांनी (स.) हजरत अबू कतादा (रजि.) यांनी त्याचे कर्ज स्वतःच्या शिरावर घेतल्यानंतरच पढविली होती. इतरांचा हक्क आपल्या कीर्तीहून मोठा मानणारा माणूस, मग तो कोणत्याही समाजातील असो, आदरास पात्र आहे.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले आणि सहायक पोलीस आयुक्त पदापर्यंत पोहोचले. निवृत्तीनंतर हक्काच्या निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर पंधराहून अधिक वर्षांनी. त्यांनी समाजाचे ऋण वेळेत फेडले. समाजाने मात्र त्यांचे ऋण फेडण्यास फार विलंब केला.

दारव्हा तालुक्यातील बोरी अरब असो वा अन्य कोणते गाव, एखादा मुलगा मैदान मारून येईल तेव्हा त्याच्या गळ्यात हार अवश्य घालावा. मात्र बक्षिसाची रक्कम विचारण्याआधी, ज्यांनी त्याच्यासाठी पदरमोड केली त्यांचे देणे त्याने दिले का, हे विचारावे. तसेच वयोवृद्ध झालेल्या सच्च्या खेळाडूचा सन्मान त्याच्या हयातीतच करावा. तो उपकार नव्हे. त्याचा हक्क आहे.