लेणी वाचणारा निळीचा व्यापारी

फर्ग्युसन म्हटले की पुणेकराला आपले कॉलेज आठवते. त्या कॉलेजाला ज्याचे नाव आहे, तो सर जेम्स फर्ग्युसन मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. आज ज्याची गोष्ट सांगायची, तो जेम्स फर्ग्युसन निराळा. हा व्यापारी. नीळ विकून पैसा केलेला. पण कार्ले, भाजे, अजिंठा अशा सहलींना निघताना ज्याची आठवण काढावी, तो हाच.

स्कॉटलंडमधल्या एअर गावी २२ जानेवारी १८०८ रोजी त्याचा जन्म झाला. वडील लष्करात डॉक्टर. थोरला भाऊ कलकत्त्याच्या एका पेढीत भागीदार होता, म्हणून शिक्षण आटोपताच धाकटाही तिकडे गेला. पेढीवर त्याचे मन रमले नाही. त्याने निळीची लागवड हाती घेतली आणि दहाएक वर्षांत जन्मभर पुरेल एवढी कमाई केली. या निळीपायी बंगालच्या रयतेची काय दैना झाली, ते १८५९च्या निळीच्या बंडाने जगाला कळले. आपल्या या प्रवाशाची सारी भटकंती याच पैशावर झाली, हे विसरून चालणार नाही.

१८३५ ते १८४२ या काळात त्याने हिंदुस्थान पालथा घातला. वास्तुशास्त्र तो कुठल्या शाळेत शिकलेला नव्हता आणि जुने शिलालेख वाचण्याची विद्याही त्याच्यापाशी नव्हती. जवळ होते ते मोजमापाचे सामान, वही आणि कॅमेरा ल्युसिडा. हे एक साधे साधन. त्यातल्या लोलकातून पाहिले की समोरची इमारत कागदावर पडल्यासारखी दिसते आणि पेन्सिलीने तिची रेघ न् रेघ गिरवता येते. देवळापुढे बसून तासन् तास असे गिरवत राहिल्यावर डोळ्यांना जे कळते, ते पोथ्या चाळून कळत नाही, अशी त्याची खात्री झाली.

याचा पुरावा लोणावळ्याजवळच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करून पाहिले तर छताच्या कमानीला खऱ्या लाकडाच्या फासळ्या दिसतात. अखंड कातळातल्या छताला लाकडाचा आधार कशाला हवा? फर्ग्युसनने ताडले की कारागिरांचा हात आधी लाकडावर बसलेला होता आणि ती सवय दगडातही सुटली नव्हती. मग तो खांब पाहू लागला. भाज्याचे खांब आत कललेले आहेत. लाकडी मांडवाचे खांब छताचा रेटा सोसायला असे कलते ठेवावे लागतात, दगडात त्याची काहीच गरज नाही. बेडशाला हा कल कमी होतो आणि कार्ल्याला खांब सरळ उभे राहतात. म्हणजे भाजे आधीचे, मग बेडसे, मग कार्ले. एक अक्षर न वाचता त्याने लेण्यांचे वय असे लावले! कार्ल्याच्या दालनाची लांबी त्याने सुमारे १२४ फूट भरवली आणि ते इंग्लंडातल्या नॉर्विच कॅथीड्रलच्या एका भागाच्या तोडीचे आहे, असे आपल्या वाचकांना सांगितले.

अजिंठा त्याने १८३९ साली पाहिला. तिथल्या चित्रांची पडझड त्याच्या मनातून जाईना. विलायतेत परतल्यावर १८४३ साली त्याने रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला. त्यातून हललेल्या चक्रांमुळे कंपनी सरकारने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला चित्रांच्या नकला करायला धाडले. गिलने त्यासाठी वर्षानुवर्षे तिथे काढली. त्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६च्या डिसेंबरात तिथे लागलेल्या आगीत बहुतेक जळाल्या. या पॅलेसचा व्यवस्थापक काही काळ खुद्द फर्ग्युसनच होता.

त्याच हिवाळ्यात आणखी एक प्रकार घडला. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी काही जमवाजमव करताना लंडनमधल्या एका वाड्याच्या गाडीखान्यात त्याला संगमरवरासारख्या शुभ्र कोरीव शिळा सापडल्या. त्या होत्या आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाच्या. हिंदुस्थानातून बोटीने आलेल्या आणि तिथे धूळ खात पडलेल्या. त्याने त्यांची छायाचित्रे काढवली, तुकडे जुळवले आणि १८६८ साली सांची व अमरावतीवरचा जाडजूड ग्रंथ काढला. भारतीय वास्तुकलेचा त्याचा मोठा इतिहास आला १८७६ साली. युरोपातले शिल्पज्ञ जुन्याच्या नकला करतात, हिंदुस्थानातला मिस्त्री मात्र अजून आपल्या अकलेने बांधतो, असे त्याचे मत होते. इंग्रजाने हे बोलणे त्या काळी साधे नव्हते.

आणि याच माणसाने १८८४ साली राजेंद्रलाल मित्रांवर पुस्तक लिहिले. दगडी बांधकाम हिंदुस्थानी लोक ग्रीकांच्या सहवासात शिकले, असे फर्ग्युसन म्हणे. मित्रांनी ओरिसाच्या देवळांचा अभ्यास करून ते खोडले. वाद खांब-कमानींपुरता राहिला असता तर बिघडत नव्हते. पण तेव्हा इल्बर्ट बिलावरून रान पेटले होते. गोऱ्यांचा न्याय काळ्यांनी करावा का, हा प्रश्न होता. फर्ग्युसनने मित्रांच्या कथित चुका दाखवता दाखवता अख्ख्या सुशिक्षित हिंदी वर्गाची लायकी काढली. अडाणी मिस्त्रीचे कौतुक करणे त्याला जड गेले नाही. पुस्तक लिहून आपल्याला चूक म्हणणारा बंगाली पंडित मात्र सोसला नाही. वाचताना फार वाईट वाटते.

चुकत तर तोही होता. जेरुसलेमचा घुमट मशिदीचा नसून कॉन्स्टंटाइन बादशहाच्या चर्चचा, हा त्याचा हट्ट कुणी मानला नाही. इंग्लंडातल्या प्रचंड शिळावर्तुळांना त्याने रोमनांनंतरचे ठरवले, ती निघाली हजारो वर्षे आधीची.

९ जानेवारी १८८६ रोजी तो लंडनमध्ये वारला. मित्र १८९१ साली गेले. मोठ्या इतिहासाची सुधारलेली आवृत्ती १९१० साली आली, तेव्हा भारताचा भाग जेम्स बर्जेसने दुरुस्त केला होता. भाजे, बेडसे, कार्ले हा क्रम मात्र अभ्यासक आजही बहुतेक तसाच मानतात.