धन्य रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचें कुलनाम

शिरवळ सोडून परगांवीं राहिलेल्या घराण्यास लोक शिरवळकर म्हणतात. इटलींतील कित्येक थोर आडनांवेंही अशींच गांवांवरून पडलीं. आक्वाविवा हें त्यांपैकीं एक. त्या नांवाची जहागीर ह्या घराण्याकडे होती. शब्दाचा अर्थ ‘जिवंत पाणी’, म्हणजे झऱ्याचें वाहतें पाणी. नीरेकांठच्या आपणांस हें नांव परकें वाटूं नये.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस आक्वाविवा आत्रीचे ड्यूक झाले. १४७९ सालीं नेपल्सच्या राजानें आपल्या राजकुलाचें ‘अरागॉन’ हें उपपदही त्यांस बहाल केलें. एवढ्या भारदस्त नांवाच्या घरीं २ ऑक्टोबर १५५० रोजीं रुडॉल्फ जन्मले. त्यांचे बंधु ज्यूलिओ कार्डिनल झाले, चुलते क्लॉडिओ येशूसंघाचे मुख्याधिपति. रुडॉल्फ मात्र १५६८ सालीं संघांत शिरले आणि दहा वर्षांनीं गोव्यास उतरले.

१५८० सालीं अकबर बादशहाच्या बोलावण्यावरून ते फत्तेपूर सिक्रीस गेले. तेथें ते फारशी शिकले. बादशहा त्यांस मान देई, रात्र रात्र धर्मचर्चा ऐके. परंतु बाप्तिस्म्याची गोष्ट निघाली कीं विषय पालटे. तीन वर्षांनीं रुडॉल्फ परतले ते जवळजवळ रिकाम्या हातानेंच. निरोप घेतांना त्यांनीं द्रव्य नाकारलें. एक रशियन गुलाम कुटुंब तेवढें मागून घेऊन मुक्त केलें. आमच्या मतें दरबारांतील त्यांची खरी कमाई हीच.

पुढें त्यांजकडे साष्टीचें काम आलें. २५ जुलै १५८३ रोजीं देवळासाठीं जागा पाहण्यास ते कुंकळ्ळीस गेले. पोर्तुगीज अमलानें तेथील लोकांचीं मंदिरें पाडलीं होतीं, आणि तो क्षोभ ह्या नि:शस्त्र मंडळीवर कोसळला. रुडॉल्फ, त्यांचे चार संघबंधु व कित्येक देशी ख्रिस्ती मारले गेले. त्यानंतर पोर्तुगीजांनीं गांवच्या प्रमुखांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळण्यास बोलावून ठार केलें, हेंही येथें सांगितलेंच पाहिजे.

आत्रीची ड्यूकशाही अठराव्या शतकांत संपली. १८९३ सालीं तेरावे लिओ ह्यांनीं रुडॉल्फ व त्यांच्या चौघां संघबंधूंस धन्य म्हणून जाहीर केलें. त्यांचीं शवें कुंकळ्ळीच्या एका विहिरींत टाकलीं होतीं. पुढें त्या विहिरीच्या पाण्यानें दुखणीं बरीं होतात अशा श्रद्धेनें गोव्यांतील गांवोगांवचे लोक तें पाणी नेऊं लागले.