चार्लस डिकन्स : कादंबरीकार आणि नट

आमच्या ज्ञातिबांधवांपैकी ज्यांनी इंग्रजी शाळेचा उंबरठा ओलांडला, त्यांना चार्लस डिकन्स हे नाव अपरिचित असण्याचे कारण नाही. ऑलिव्हर ट्विस्टने पुन्हा लापशी मागितली, तो प्रसंग आम्ही कित्येक वर्षे वर्गात शिकविला. परंतु ह्या थोर कादंबरीकाराने आयुष्याची शेवटची बारा वर्षे रंगपीठही गाजविले, त्यातून विपुल धन मिळविले आणि त्यातच आपला देह झिजविला, ही हकीकत पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. ती वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

डिकन्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी पोर्टस्मथ येथे झाला. वडील आरमाराच्या पगारखात्यात कारकून, हात सैल. कर्जापायी १८२४ साली त्यांना मार्शलसीच्या तुरुंगात जावे लागले आणि बारा वर्षांचा चार्लस बुटांच्या पॉलिशाच्या कारखान्यात डब्यांना लेबले चिकटवू लागला. पुढे लघुलेखन शिकून तो बातमीदार झाला. त्या काळात तो बहुतेक रोज रात्री नाटकास जाई आणि घरी तासन्‌तास तालीम करी. खोलीत प्रवेश कसा करावा, खुर्चीवर कसे बसावे, येथपासून! १८३२ साली कव्हेंट गार्डन नाट्यगृहाने त्यास परीक्षेसाठी बोलाविले. नेमक्या त्याच दिवशी पडशाने त्याचा चेहरा सुजला आणि जाणे राहिले. पुढच्या हंगामाची वाट पाहत असतानाच बातमीदारीत जम बसला, १८३६ साली 'पिक्विक' सुरू झाले आणि नट होऊ पाहणारा तरुण देशभर लेखक म्हणून गाजला. एका पडशाने इंग्रजी वाङ्मयावर केवढे उपकार केले, असे गमतीने म्हणावेसे वाटते.

पण रंगभूमीचा ध्यास सुटला नाही. १८४५ साली मित्रांची हौशी मंडळी जमवून त्याने बेन जॉन्सनच्या नाटकात कॅप्टन बॉबॅडिल रंगविला. १८५७ साली विल्की कॉलिन्सच्या 'द फ्रोझन डीप' नाटकात त्याने केलेली भूमिका पाहून प्रेक्षकांस अश्रू आवरेनात; खुद्द व्हिक्टोरिया राणीसाठी खाजगी प्रयोग झाला. मँचेस्टर येथील प्रयोगाच्या निमित्ताने एलन टर्नन ह्या तरुण नटीशी त्याचा परिचय झाला आणि दुसऱ्या वर्षी, दहा मुलांची आई असलेल्या पत्नीपासून तो विभक्त झाला. ह्या वर्तनाचे समर्थन आम्ही करणार नाही.

आता मुख्य विषय. १८५३ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅम येथे एका शिक्षणसंस्थेच्या मदतीसाठी त्याने 'ख्रिसमस कॅरल' जाहीरपणे वाचून दाखविले. त्यातील एक रात्र कामगारांसाठी अल्प दरात राखून ठेवविली. लोक वेडे झाले. तेव्हा पैसे घेऊन वाचने करावी, हा विचार बळावला. जिवलग मित्र फॉर्स्टर ह्याने विरोध केला. असा धंदा सभ्य गृहस्थास कमीपणा आणणारा, असे त्याचे मत. तोंडाला रंग लावणाऱ्या मुलास आपल्याकडेही एके काळी घरचे दार बंद होत असे. तेव्हा ह्या आक्षेपाचे मर्म आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. डिकन्सने ऐकले नाही. २९ एप्रिल १८५८ रोजी लंडनमधील सेंट मार्टिन्स हॉलमध्ये त्याने धंदेवाईक वाचनांस आरंभ केला.

ही वाचने म्हणजे पोथी वाचणे नव्हे. स्वतः आखून घेतलेले छोटे मेज, मागे पडदा, वर गॅसचे दिवे. वेष बदलणे नाही, सोबतीस कोणी नाही. आपला कीर्तनकार जसा एकटाच राजा, राणी आणि चोपदार होतो, तसा हा एकटाच न्यायाधीश, वकील, मोलकरीण आणि पांगळे पोर होई. पुस्तक हाती असे, पण मजकूर मुखोद्गत! अशी सुमारे ४७० वाचने त्याने केली. १८६७-६८ च्या हिवाळ्यात अमेरिकेत ७६ झाली. तिकिटांसाठी लोक कडाक्याच्या थंडीत रात्रभर रांगेत उभे राहत आणि खोकल्याने बेजार झालेला डिकन्स संध्याकाळी मंचावर ताठ उभा राही. ह्या एका दौऱ्यात त्यास सुमारे १९,००० पौंड मिळाले.

परत आल्यावर त्याने 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधील नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग वाचावयास घेतला. हितचिंतकांनी नको म्हटले. त्या प्रसंगी स्त्रिया मूर्च्छित होत. वाचणाऱ्याची नाडी ७२ वरून १२० च्या वर जाई आणि नंतर काही वेळ त्यास बोलवत नसे. १८६५ च्या रेल्वे अपघातापासून प्रकृती ढासळलेलीच होती. एप्रिल १८६९ मध्ये प्रेस्टन येथे डॉक्टरांनी दौरा थांबविला. पैशाची निकड एवढी नव्हती, असे आमचे मत. भरल्या सभागृहाची ओढ मोठी होती. थोडी विश्रांती मिळताच त्याने लंडनमध्ये निरोपाची बारा वाचने मागून घेतली. डॉक्टर बाजूस बसून नाडी पाहत. वडील पडू लागल्यास धावत जाऊन सावरण्याची ताकीद थोरल्या मुलास दिलेली होती.

१५ मार्च १८७० रोजी सेंट जेम्स हॉलमध्ये शेवटचे वाचन झाले. निवडले होते तेच 'ख्रिसमस कॅरल', आणि जोडीस 'पिक्विक'मधील खटला. निरोपाचे चार शब्द बोलून तो मंचावरून उतरला, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. ९ जून १८७० रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याचे देहावसान झाले. त्याने सुमारे ९३,००० पौंडांची मिळकत मागे ठेविली. तीपैकी जवळजवळ निम्मी वाचनांची कमाई होती. वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याचे दफन झाले, तेव्हा 'एडविन ड्रूड' ह्या कादंबरीच्या योजिलेल्या बारा भागांपैकी सहाच लिहून झाले होते.