पर्सी चार्ल्स पिकार्ड

ग्रुप कॅप्टन पर्सी चार्ल्स पिकार्ड (१६ मे १९१५ – १८ फेब्रुवारी १९४४) हे ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समधील वैमानिक होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये प्रतिकार चळवळीच्या हस्तकांची रात्री गुप्तपणे ने-आण करणाऱ्या १६१ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे त्यांनी नेतृत्व केले. अमियें येथील तुरुंगावरील हवाई हल्ल्यात वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ते मारले गेले.

प्रारंभिक जीवन

पिकार्ड यांचा जन्म इंग्लंडमधील शेफील्डजवळच्या हँड्सवर्थ येथे झाला. तरुणपणी काही काळ केनियात घालवल्यानंतर १९३७ साली ते हवाई दलात दाखल झाले. १९४० मध्ये बॉम्बफेकीहून परतताना त्यांचे वेलिंग्टन विमान उत्तर समुद्रात उतरवावे लागले आणि रबरी होडीत कित्येक तास काढल्यावर त्यांची सुटका झाली. पुढे चेकोस्लोव्हाक वैमानिकांच्या ३११ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये त्यांनी प्रशिक्षक म्हणून काम केले.

१९४१ साली प्रदर्शित झालेल्या 'टार्गेट फॉर टुनाइट' या प्रचारपटात त्यांनी 'एफ फॉर फ्रेडी' या विमानाच्या वैमानिकाची भूमिका केली. चित्रपट अतिशय गाजला. ज्याचे पुढचे सर्व महत्त्वाचे काम गुप्ततेवर अवलंबून राहणार होते, त्या माणसाचा चेहरा अशा रीतीने सर्वांच्या परिचयाचा झाला.

२७-२८ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ब्रुनेव्हाल येथे जर्मन रडारचे भाग पळवून आणण्यासाठी मेजर जॉन फ्रॉस्ट यांचे छत्रीधारी सैनिक उतरवण्यात आले. त्यांना नेणाऱ्या व्हिटली विमानांचे नेतृत्व पिकार्ड यांच्याकडे होते.

चांदण्यातील उड्डाणे

ऑक्टोबर १९४२ मध्ये पिकार्ड यांनी १६१ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची सूत्रे हाती घेतली. तिचा मुख्य तळ बेडफर्डशायरमधील टेम्प्सफर्ड येथे होता. लायसँडर विमाने मात्र पौर्णिमेच्या सुमारास दक्षिण किनाऱ्याजवळील टँगमिअरला आणून तेथून सोडली जात. शस्त्रे, स्फोटके, बिनतारी संच आणि पैसा हवाई छत्रीने टाकण्याचे काम टेम्प्सफर्डचीच १३८ क्रमांकाची स्क्वॉड्रन प्रामुख्याने करीत असे. हवाई छत्रीने माल खाली सोडता येत असला, तरी माणसे परत आणायची तर शत्रूच्या भूमीवर विमान उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

लायसँडर हे एकाच इंजिनाचे, स्थिर चाकांचे, संथ गतीचे विमान होते. लहानशा शेतातही ते उतरू शके, हाच त्याचा मोठा गुण. गुप्त कामासाठी त्याच्या मशीनगन काढून टाकण्यात आल्या, पोटाखाली इंधनाची जादा टाकी लावण्यात आली आणि प्रवाशांना झटपट चढता-उतरता यावे म्हणून बाजूला शिडी कायमची बसवण्यात आली. विमानात दिशादर्शक नसे. मांडीवर नकाशा घेऊन, चांदण्यात चमकणाऱ्या नद्या आणि तळी ओळखत वैमानिक एकटाच वाट काढी. म्हणूनच महिन्यातील पौर्णिमेच्या आगेमागे मोजक्याच रात्री हे काम शक्य होते, आणि त्यातल्याही कित्येक धुक्यामुळे वाया जात.

उड्डाण होणार असल्याची सूचना बीबीसीच्या फ्रेंच प्रसारणातून, वरवर निरर्थक वाटणाऱ्या एखाद्या वाक्याने दिली जाई. शेतावरील माणसे हातातील विजेरीने ठरलेले मोर्स अक्षर दाखवीत. अक्षर चुकले तर वैमानिकाने उतरायचे नाही, असा दंडक होता. धावपट्टी म्हणजे उलट्या एल अक्षराच्या आकारात ठेवलेल्या तीन विजेऱ्या, एवढेच. उतरणे, माणसे व टपाल यांची अदलाबदल आणि पुन्हा उड्डाण हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. विमान निघून गेल्यावर धोका संपे तो वैमानिकाचा. शेतावरच्या माणसांचा नव्हे. पकडले गेल्यास त्यांच्या वाट्याला छळ आणि बहुधा मृत्यूच येई.

लायसँडरमध्ये दोन-तीनच प्रवासी मावत. त्यामुळे दोन इंजिनांचे मोठे हडसन विमान शेतात उतरवण्याची पद्धत पिकार्ड यांनी रुजवली आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये असे पहिले उड्डाण स्वतः केले. त्याच महिन्यातील दुसऱ्या फेरीत हडसनची चाके चिखलात रुतली. जमलेल्या लोकांच्या मदतीने ते बाहेर काढेपर्यंत रात्र सरत आली आणि परतीच्या वाटेवर उजाडले. शत्रूच्या लढाऊ विमानांच्या टापूतून दिवसाढवळ्या परतण्याची ही वेळ निभावली, ती मुख्यतः सुदैवाने. मार्च १९४३ मध्ये त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा सन्मान तिसऱ्यांदा मिळाला.

त्यांनी स्क्वॉड्रन सोडल्यानंतर, जून १९४३ मध्ये, टिपू सुलतानाच्या वंशातील नूर इनायत खान यांना याच स्क्वॉड्रनच्या लायसँडरने फ्रान्समध्ये पोहोचवले.

अमियें आणि मृत्यू

पिकार्ड पुढे मॉस्किटो विमानांच्या १४० क्रमांकाच्या विंगचे प्रमुख झाले. १८ फेब्रुवारी १९४४ रोजी भर दुपारी, बर्फाच्या वादळातून मार्ग काढीत या विंगच्या विमानांनी अमियें तुरुंगाच्या भिंती फोडल्या. आत प्रतिकार चळवळीचे अनेक कैदी होते. अडीचशेहून अधिक कैदी निसटले, पण त्यांपैकी बरेच पुन्हा पकडले गेले. सुमारे शंभर कैदी बॉम्बहल्ल्यात आणि पहारेकऱ्यांच्या गोळीबारात मरण पावले. परतताना जर्मन लढाऊ विमानाने पिकार्ड यांच्या मॉस्किटोची शेपटी तोडली. ते आणि त्यांचे दिशादर्शक ब्रॉडली हे दोघेही जागीच ठार झाले.

या हल्ल्याची बातमी ऑक्टोबर १९४४ पर्यंत जाहीर करण्यात आली नाही. कैद्यांना लवकरच मृत्युदंड दिला जाणार होता म्हणून हल्ला केला, असे त्यावेळी सांगण्यात आले. मात्र त्याला पुष्टी देणारी कागदपत्रे पुढे आलेली नाहीत आणि हल्ल्याच्या खऱ्या हेतूविषयी इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत. पिकार्ड यांची कबर अमियेंच्या सेंट पियेर दफनभूमीत आहे.