झोपडपट्टीचे फादर कार्लोस मुहिका

फादर कार्लोस मुहिका यांचा जन्म १९३० साली अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सच्या एका धनाढ्य घराण्यात झाला. वडील पुढे परराष्ट्रमंत्री झाले. १९५५ साली लष्कराने राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांना हटवले, तेव्हा त्यांच्या घरी आनंदीआनंद होता. सेमिनरीत शिकणारे कार्लोस गरिबांच्या चाळीत गेले, तर तेथे सुतक! भिंतीवर धर्मगुरूंना कावळे म्हणून हिणवलेले. आपण गरिबांच्या विरुद्ध बाजूला उभे आहोत, हे त्यांना तेथे उमगले. तत्त्वज्ञानाच्या तासाला हा धडा आम्हाला कोणी दिला नव्हता.

१९५९ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे रेतिरो भागातील व्हिला ३१ या झोपडपट्टीत त्यांनी कामगार ख्रिस्ताचे चॅपेल उभारले, वस्तीच्या हक्कांसाठी ते भांडले. श्रीमंतांना ते कम्युनिस्ट वाटले. त्यांच्याच हाताखाली घडलेले काही तरुण बंदुकीकडे वळले, तेव्हा त्यांनाही फादरांनी विरोध केला. दोन्हीकडून वैर!

११ मे १९७४ रोजी सायंकाळची मिस्सा अर्पून बाहेर पडताच चर्चसमोर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वय अवघे ४३.

त्यांचे दफन रेकोलेता या उच्चभ्रूंच्या दफनभूमीत झाले होते. १९९९ साली त्यांचे अवशेष वस्तीतल्या चॅपेलात आणले गेले. त्या वेळची मिस्सा आर्चबिशप बेर्गोलियो यांनी, म्हणजे पुढच्या पोप फ्रान्सिस यांनी अर्पण केली.