टपालाच्या थैल्यांवर उभा राहिलेला विमानधंदा

ग्रामीण पानावर विमानाचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. पण चिकलठाण्याचे विमानतळ आपल्याच शिवारात आहे. जालना रस्त्याने मोंढ्याला माल घेऊन जाताना डोक्यावरून विमान गेले की बैलसुद्धा आता बुजत नाहीत, इतकी त्याची सवय झाली. आणि पारावर एक प्रश्न नेहमी निघतो. अमुक गावचे विमान सुरू झाले म्हणे, मग चार-सहा महिन्यांनी ते बंद कसे पडते? विमानतळ आहे, धावपट्टी आहे, इमारत चकचकीत आहे, मग घोडे अडते कुठे?

या प्रश्नाचे उत्तर हवे असेल तर ज्या माणसाने हा धंदा आपल्या देशात शून्यातून उभा केला त्याचे चरित्र पाहावे लागते. ते म्हणजे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. सगळा देश त्यांना जेआरडी म्हणून ओळखतो.

पॅरिसचा जन्म, मुंबईची नोकरी

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला झाला. वडील रतनजी दादाभॉय हे जमशेटजी टाटांचे नातेवाईक आणि धंद्यातले सहकारी. आई सुझान ही फ्रेंच. सुट्टीत हे कुटुंब उत्तर फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर आर्देलो या गावी राहायला जाई. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारा लुई ब्लेरिओ याचे घर तिथेच जवळ होते. वाळूवर उतरणारी विमाने बघत हे पोर वाढले. पंधराव्या वर्षी एका विमानात बसून एक फेरी मारायला मिळाली आणि पोराने मनाशी ठरवून टाकले, की आपण विमान चालवायचे.

१९२५ साली ते मुंबईला टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडील वारले. बाविसाव्या वर्षी घरची आणि धंद्याची जबाबदारी अंगावर आली. केंब्रिजला शिकायची इच्छा होती, ती राहूनच गेली. पदवी नाही याची खंत त्यांना होती, म्हणून रात्री पुस्तके घेऊन बसायचे आणि दिवसा काम शिकायचे. १९२९ साली त्यांनी फ्रान्सचे नागरिकत्व सोडले.

त्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिला गेलेला हा पहिला परवाना, त्यावर क्रमांक एक.

१९३० साली आगाखानांनी बक्षीस लावले होते. हिंदुस्थान ते इंग्लंड किंवा इंग्लंड ते हिंदुस्थान असा प्रवास एकट्याने विमानातून जो भारतीय आधी करील त्याला ते मिळायचे. जेआरडी कराचीहून निघाले. समोरून ॲस्पी इंजिनिअर नावाचा कोवळा पोरगा इंग्लंडहून येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. ॲस्पीकडे जादा स्पार्क प्लग नव्हते, तेव्हा जेआरडींनी आपल्याजवळचे काढून दिले. पुढे ॲस्पी काही तासांनी आधी पोहोचला आणि बक्षीस घेऊन गेला. हाच ॲस्पी इंजिनिअर नंतर भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. शेजाऱ्याची मोटार बिघडली तर आपला पट्टा काढून देणारा शेतकरी आपण पाहिलेला आहे. पण ऐन पाण्याच्या पाळीला देणारा विरळाच.

बैलगाडीतून पेट्रोल, विमानातून टपाल

ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेला नेव्हिल व्हिंटसेंट नावाचा वैमानिक एक योजना घेऊन टाटांकडे आला. विलायतेचे टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येत असे. तिथून पुढे मुंबई-मद्रासला ते आपण विमानाने न्यावे, अशी ती योजना. दोराबजी टाटा फारसे राजी नव्हते. जेआरडींचे मार्गदर्शक जॉन पीटरसन यांनी शब्द टाकला आणि दोन लाख रुपये मंजूर झाले. सरकारकडे अनुदान मागितले तर सरकारने हात झटकले. शेवटी अनुदानाशिवाय, जेवढे टपाल न्याल तेवढ्याचेच पैसे, या बोलीवर १९३२ साली दहा वर्षांचा करार झाला.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून सकाळी जेआरडींनी एका इंजिनाचे पस मॉथ विमान उडवले. टपाल होते जेमतेम पंचवीस किलो. वाटेत अहमदाबादला थांबले. तिथे विमानात भरायचे पेट्रोल आले ते कशातून ठाऊक आहे? बैलगाडीतून! बर्मा शेलचे डबे बैलगाडीत घालून आणले होते. दुपारी विमान मुंबईत जुहूला उतरले. तिथून व्हिंटसेंट टपाल घेऊन बल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. म्हणजे भारताच्या विमानधंद्याचा पहिला दिवस पार पडला तो बैलांच्या मदतीनेच, बरं का.

जुहूचे विमानतळ म्हणजे काय होते? समुद्रकाठचे चिखलाचे मैदान आणि झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी. पावसाळ्यात मैदानच पाण्याखाली जाई, तेव्हा सगळा बारदाना पुण्याला येरवड्याला हलवावा लागे. दोन विमाने, दोन-तीन वैमानिक आणि थोडेसे मिस्त्री एवढेच भांडवल. प्रवासी आलाच तर टपालाच्या थैल्यांवर बसून जायचा.

धंद्याचा हिशेब

आता मुद्द्याचे ऐका. पहिल्या वर्षात या कंपनीने एक लाख साठ हजार मैल उड्डाण केले, दहा टनांवर टपाल नेले आणि प्रवासी नेले अवघे १५५. तरी साठ हजार रुपये नफा झाला. तो कशामुळे? नक्की मिळणारे काम आधी बांधून घेतले, खर्च हातात ठेवला आणि वेळ चुकवली नाही. पावसाळ्यातसुद्धा टपाल ठरल्या वेळेला पोहोचत असे.

विमानाची रिकामी खुर्ची म्हणजे न विकलेली मेथीची जुडी. आज बाजारात गेली तर पैसे, उद्या तिला कोण विचारतो? खुर्ची रिकामी गेली तरी इंधन जवळजवळ तेवढेच जळते, वैमानिकाचा पगार तोच, उतरण्याचे भाडेही तेच. म्हणून ठराविक खुर्च्या रोज भरल्या तरच ती ओळ टिकते. सणासुदीला गर्दी आणि एरवी शुकशुकाट असला तर एस.टी.चा फाटा जसा तोट्यात जातो, तसेच हे.

१९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी सगळ्या टाटा उद्योगांचे अध्यक्ष झाले. पण जीव गुंतलेला विमानात. १९४६ साली टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला गेले. आपल्या मराठवाड्याशीही एक धागा आहे. आपण निजामाच्या राज्यात असताना निजाम स्टेट रेल्वे आणि टाटा यांनी मिळून हैदराबादला डेक्कन एअरवेज काढली होती, तिचा तळ बेगमपेठेला होता.

एकाच पिकाच्या मागे सगळे

दुसरे महायुद्ध संपले आणि लष्कराची डकोटा विमाने स्वस्तात विकायला निघाली. ज्याला त्याला विमान कंपनी काढायची घाई झाली. सरकारनेही परवाने सढळ हाताने वाटले. जेआरडी सांगत राहिले, की एवढ्या कंपन्यांना पुरेल इतका प्रवासीच देशात नाही. एक साल कांद्याला भाव आला की पुढच्या साली बांधापासून बांधापर्यंत कांदा, आणि मग तोच कांदा रस्त्यावर ओतायची पाळी. इथेही तेच झाले. १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीनेही कंपन्या गरजेपेक्षा जास्त झाल्याचे दाखवून दिले आणि त्यांचे एकत्रीकरण सुचवले.

याच काळात १९४९ साली रात्रीच्या टपालाची योजना आली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री आपल्या नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत. मंत्री रफी अहमद किडवई यांच्याशी या योजनेवरून जेआरडींचे जमले नाही. रात्रीच्या उड्डाणाला लागणारी जमिनीवरची सोय आणि परवडणारा दर यांची काळजी त्यांना वाटत होती. योजना मात्र पुढे चालली आणि नागपूरचे नाव झाले. म्हणजे प्रत्येक वेळी जेआरडींचाच अंदाज खरा ठरला असे नव्हे.

१९५३ साली सरकारने सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. देशातल्या आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, त्यात डेक्कन एअरवेजही गेली. परदेशी वाहतूक एअर इंडियाकडे राहिली. आपल्याला विश्वासात न घेता निर्णय झाला याचे जेआरडींना फार दुःख झाले. वडिलोपार्जित जमीन धरणात जावी आणि नोटीस शेवटी यावी, तसे ते दुःख. पण नेहरूंनी विनंती केली तेव्हा ते रुसून बसले नाहीत. एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी घेतले आणि पंचवीस वर्षे बिनपगारी सांभाळले.

स्वतः प्रवास करताना ते डायरी घेऊन बसत. पडद्याचा रंग, चहाचा कडकपणा, खुर्चीची पाठ किती कलते, स्वच्छतागृह साफ आहे का, सगळे टिपून अधिकाऱ्यांना चिठ्ठ्या पाठवत. कुठे टेबलावर धूळ दिसली तर स्वतः फडके घेऊन पुसत. मालकाच्या पावलाने शेत पिकते असे आपण म्हणतो. मालकी गेल्यावरही हे पाऊल थांबले नाही.

जानेवारी १९७८ मध्ये एअर इंडियाचे सम्राट अशोक हे जंबो विमान मुंबईजवळ समुद्रात कोसळले, २१३ माणसे गेली. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. ही बातमी त्यांना सरकारी पत्राच्या आधी नव्या अध्यक्षांकडूनच कळली. १९८० साली इंदिरा गांधींनी त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेतले.

चिकलठाण्याचा धडा

आता आपल्या दारातली गोष्ट. दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई अशी इंडियन एअरलाइन्सची एक ओळ होती. अजिंठा-वेरूळचे पाहुणे त्याच विमानाने येत. २६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी हे विमान चिकलठाण्याहून मुंबईकडे निघाले. धावपट्टीच्या टोकापलीकडून जाणाऱ्या बीड रस्त्यावर कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. उडणाऱ्या विमानाची चाके त्याला लागली. पुढे विमान विजेच्या तारांना धडकून शेतात पडले. ११८ जणांपैकी ५५ दगावले.

चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि पद्धतही चुकली. शिवाय विमानाच्या वेळेला त्या रस्त्यावरची रहदारी आवरण्याची जबाबदारी त्या वेळच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने पार पाडली नव्हती. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता, व्यवस्थेचा आणि सावधपणाचा होता. विमानतळ कुंपणाशी संपत नाही. पलीकडचा रस्ता, कापसाचा ट्रक, विजेची तार, सगळे त्याच्या कारभारात येते. टेबलावरच्या धुळीसाठी चिठ्ठी लिहिण्याची सवय जिथे रोजची असते, तिथे रस्त्यावरचे फाटकही कुणीतरी बघतो.

शेवटचे उड्डाण

१९६२ साली, तीस वर्षांनी, जेआरडींनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केले. १९८२ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तसल्याच जुन्या घाटाच्या लेपर्ड मॉथ विमानातून एकट्याने पुन्हा एकदा. १९९२ साली भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात ते वारले आणि पॅरिसला त्यांचे दफन झाले.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. १९९४ साली जुना कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना रान मोकळे झाले. २००७ साली इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात विलीन झाली. कर्ज डोक्यावरून गेले आणि २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी परत टाटांच्या हाती गेली. खासगीवाल्यांचेही सगळे गोड झाले असे नाही. चिकलठाण्याला येणारी जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये देशभरच बंद पडली. कांद्याचीच गोष्ट पुन्हा.

लहान विमानतळांसाठी २०१६ साली उडान योजना आली. विमानातल्या साधारण निम्म्या जागा ठरलेल्या कमी भाड्यात द्यायच्या आणि पडणारी तूट सरकारने तीन वर्षे भरायची, असा तिचा घाट. अनुदानावर लावलेली फळबाग आपल्यालाही माहीत आहे. अनुदान असते तोवर ठिबकही चालते. खरी परीक्षा नंतर.

म्हणून यापुढे आपल्या विमानतळावरून नवी ओळ सुरू झाल्याची बातमी वाचाल तेव्हा फीत कोणी कापली हे सोडून द्या आणि तीन गोष्टी विचारा. आडदिवशी किती खुर्च्या भरतात? अनुदान संपल्यावर तूट कोण सोसणार? आणि पोटात माल काय जातो? जेआरडींचे विमान पहिले वर्ष तगले ते प्रवाशांवर नाही, थैल्यांवर तगले. मराठवाड्याच्या विमानाला ती थैली कशाची मिळेल, केसर आंब्याची, भाजीची, बियाण्याची की कारखान्याच्या सुट्या भागांची, हे ठरवण्यात आपलाही वाटा आहे.