विश्लेषण : धो-धो पावसाच्या शाहूवाडीत उन्हाळ्यात पाणी का आटते? राजर्षी शाहू महाराजांचे जलधोरण काय सांगते?

आंबा, गजापूर, विशाळगड या शाहूवाडी तालुक्यातील घाटमाथ्यावर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तरीही उन्हाळा लागला की याच डोंगरांवरील वाड्या-वस्त्यांचे झरे आटू लागतात. भरपूर पाऊस पडूनही पाण्याची चणचण, हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापूर संस्थानासमोर होता. राजर्षी शाहू महाराजांनी त्यावर शोधलेले उत्तर आज राधानगरी धरणापुरतेच आठवले जाते. विहिरी, तळी आणि जंगल हा त्या उत्तराचा दुसरा भाग डोंगरी तालुक्यांच्या अधिक कामाचा आहे.

दुष्काळाने काय शिकवले?

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली, तेव्हा ते अवघ्या १९ वर्षांचे होते. दोनच वर्षांनी, १८९६-९७ मध्ये दुष्काळ आला आणि पाठोपाठ प्लेग. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, तगाई दिली, जनावरांच्या चाऱ्यासाठी जंगले खुली केली. या उपायांनी माणसे आणि जनावरे जगली. मात्र पाऊस दगा देईल तेव्हा दर वेळी हीच धावपळ करावी लागणार, हेही उघड झाले. संस्थानाच्या पश्चिमेला सह्याद्रीवर अफाट पाऊस आणि पूर्वेकडच्या सपाटीवर त्याचा लहानसा हिस्सा, अशी स्थिती होती. पश्चिमेचे पाणी चार महिन्यांत पंचगंगेतून कृष्णेला मिळून निघून जात होते. कमतरता पावसाची कमी आणि साठ्याची जास्त होती.

इथला खडक पाणी का धरत नाही?

शाहूवाडीसह महाराष्ट्रातला बहुतेक सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. अखंड कातळात पाणी शिरत नाही. ते साठते भेगांमध्ये, झिजलेल्या मुरमात आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात. तेही बेताचेच. १०० लिटर आकारमानाच्या झिजलेल्या कातळातून निचरा होऊन मिळणारे पाणी साधारण १ ते ३ लिटरच भरते. त्यामुळे भूगर्भाचे भांडे लवकर भरते आणि उरलेला पाऊस ओढ्यांतून वाहून जातो.

उंच पठारांवर या कातळाच्या माथ्यावर जांभा आहे. तो स्पंजासारखा सच्छिद्र असतो. त्यातून मुरलेले पाणी खालच्या चिकणमातीच्या थराला अडते आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. डोंगरातल्या वाड्यांची तहान याच झऱ्यांवर भागते. पण पठार उंच आणि उतार तीव्र असल्याने जांभ्यातले पाणी सतत निथळत राहते. पाऊस थांबल्यावर काही महिन्यांत झऱ्याची धार बारीक होते, ती यामुळे.

१९०२ मध्ये काय बदलले?

१९०२ हे वर्ष मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याच्या आदेशामुळे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी महाराजांनी पाटबंधाऱ्यांचे धोरणही हाती घेतले. त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला गेला. संस्थानातील विहिरी आणि तलावांची पाहणी, जुन्यांची दुरुस्ती आणि नव्यांना मदत असा कामाचा क्रम होता. नवे काही बांधण्याआधी गावात आहे ते पाणी मोजायचे, ही या धोरणाची खरी जमेची बाजू. बेसाल्टच्या मुलखात विहीर म्हणजे मुरमात मुरलेले पाणी गोळा करणारी टाकीच असते. गाळ काढला, आजूबाजूला पाणी मुरू दिले, तर तीच विहीर अधिक दिवस पुरते.

राधानगरी धरण कसे उभे राहिले?

विहिरी आणि तळ्यांना खडकाचीच मर्यादा होती. म्हणून पाणी जिथे पडते तिथेच, घाटाजवळ अडवण्याचा विचार पुढे आला. भोगावती नदीवरची जागा निश्चित झाली. १९०८ मध्ये तिथे पेठ वसवून तिला महाराजांची कन्या राधाबाई यांच्यावरून राधानगरी हे नाव देण्यात आले. १९०९ मध्ये धरणाचे काम सुरू झाले. तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. एका लहान संस्थानासाठी हा खर्च अवाढव्य होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैसा आणि साहित्य दोन्हींची ओढाताण झाली आणि भिंत सुमारे ४० फुटांपर्यंत आल्यावर १९१८ च्या सुमारास काम थांबले. तरी अपुऱ्या धरणातूनही पाणी मिळू लागले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. धरण पूर्ण झाले ते १९५७ मध्ये. आज त्यात सुमारे ८.३६ टीएमसी पाणी साठते.

धरणामागचे दाजीपूरचे जंगल महाराजांनी शिकारीसाठी राखले होते. हेतू शिकारीचा असला तरी त्यामुळे पाणलोटातली झाडी टिकली. हेच जंगल पुढे अभयारण्य झाले.

शाहूवाडीच्या वाट्याला काय आले?

आजच्या शाहूवाडीचा बराच भाग तेव्हा विशाळगड जहागिरीत होता आणि तिचे मुख्य ठिकाण मलकापूर होते. कोल्हापूरच्या अधिपत्याखालील या जहागिरींचा कारभार वेगळा चाले. पाणी साठवण्याचा राधानगरीचा मार्ग इथे आला तो स्वातंत्र्यानंतर. गजापूर परिसरात उगम पावणाऱ्या कासारीवर गेळवडे येथे धरण झाले, कडवी नदीवर दुसरे, तर वारणेवर तालुक्याच्या सीमेलगत चांदोलीचे. कासारीचे पाणी प्रयाग चिखली येथे भोगावतीच्या पाण्याला मिळते आणि पंचगंगा होऊन कोल्हापूरकडे जाते. धरणांनी खोऱ्यातली शेती भिजवली. धरणाच्या वर, पठारालगत राहणाऱ्या वस्त्यांना मात्र धरणाचे पाणी चढवून आणणे अवघड आणि खर्चिक ठरते. त्यांचा आधार अजूनही झरा आणि आड हाच आहे.

आज धोका कशाचा?

पहिला धोका खाणकामाचा. जांभ्याच्या पठारांतच बॉक्साइट सापडते आणि शाहूवाडीतही त्याच्या खाणी चालल्या आहेत. खाणीत जो थर काढला जातो, तोच झऱ्यांना पाणी पुरवणारा असतो. दुसरा धोका कूपनलिकांचा. कातळातल्या खोल भेगांत वर्षानुवर्षे साचलेले पाणी त्या झपाट्याने उपसतात आणि जवळच्या उथळ विहिरींवरही त्याचा ताण येऊ शकतो. तिसरा, डोंगरउतारावरची झाडी तोडण्याचा. माती वाहून गेली की मुरण्याआधीच पाणी निसटते. चांदोली आणि राधानगरीच्या जंगलांना २०१२ मध्ये जागतिक वारसा स्थळांत जागा मिळाली, पण बहुतेक वस्त्यांचे झरे अशा संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर आहेत.

१९०२ च्या धोरणाचा पहिला टप्पा इथे आजही लागू पडतो : गावोगावचे झरे आणि विहिरी मोजणे, त्यांना पाणी देणारे पठार कोणते हे ठरवणे आणि ते राखणे. राधानगरीची भिंत पूर्ण व्हायला ४८ वर्षे लागली, पण अर्धवट राहिलेले ते काम पुढच्या पिढीला पुरे करता आले. जांभ्याचा थर तयार व्हायला लाखो वर्षे लागतात. तो एकदा खणून नेला, तर पुढच्या पिढीला पुरे करण्यासारखे काही उरत नाही.